टेन्शन घ्या, टॅलेंट मिळवा?

आपल्या पिढीला सगळ्यात जास्त अभिमान कशाचा असेल, तर तो टेन्शनचा. ऑफिसात कुणी "कसा आहेस?" विचारलं आणि तुम्ही "एकदम मस्त!" म्हणालात, तर समोरचा संशयानं बघतो. याला काम नाही वाटतं? त्याऐवजी "अरे, तीन रात्री झोप नाहीये, उद्या प्रेझेंटेशन, पोटात नुसता गोळा आलाय" असं म्हणून बघा. लगेच इज्जत! कुणीतरी तुमच्यासाठी कटिंगही मागवतं.

त्यातून तुम्ही 'क्रिएटिव्ह' नावाच्या जमातीतले असाल तर विचारूच नका. मी जाहिरातीत आहे. कॉपी लिहिते. गेली अकरा वर्षं. आमच्याकडे एक अलिखित नियम आहे. दुपारी साडेतीनला, डबा खाऊन आळसावलेल्या अवस्थेत सुचलेली आयडिया कितीही भारी असो, तिला मान नाही. तीच आयडिया रात्री अडीचला, एसी बंद झालेल्या ऑफिसात, बॉस आरडाओरडा करून गेल्यावर सुचली, की ती थोर. जणू नवस फेडल्याशिवाय तिला पावित्र्यच येत नाही.

मराठीत तर या समजाला भाषेचीच साथ आहे. लिहिण्याच्या त्रासाला आपण 'प्रसववेदना' म्हणतो, 'कळा सोसल्या' म्हणतो. (गंमत म्हणजे हे शब्द मी सगळ्यात जास्त पुरुष लेखकांच्या तोंडी ऐकलेत!) त्यांना आठवण करून द्यावीशी वाटते, की राव, बाळंतपणाच्या कळांवर एपिड्युरल निघून जमाना झाला. आणि ते घेतलेल्या बायकांची बाळंही व्यवस्थित टॅहॅ करतच जन्माला येतात.

हा विषय डोक्यात घोळायला लागला तो आमच्या टीममधल्या आर्ट डायरेक्टरमुळे. नाव सांगत नाही, नाहीतर पुढच्या प्रत्येक कॅम्पेनमध्ये माझ्या हेडलाइनला तो मुद्दाम कॉमिक सान्स लावेल. तर दोन महिन्यांपूर्वी दादरच्या ब्रिजवर, ऐन गर्दीत, त्याला दरदरून घाम फुटला. छातीत धडधड, हाताला मुंग्या, श्वास पुरेना. चौतीस वर्षांचा पोरगा. त्याला वाटलं, संपलं, हार्ट अटॅक. हॉस्पिटलात ईसीजी काढला, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, हा पॅनिक अटॅक होता, आणि सायकिअ‍ॅट्रिस्टकडे चिठ्ठी दिली. हा गेलासुद्धा. गोळ्या लिहून मिळाल्या, काउन्सेलिंगला यायला सांगितलं. ते प्रिस्क्रिप्शन घडी घालून त्याच्या मोबाइलच्या कव्हरमागे बसलंय. दोन महिने झाले.

"का रे घेत नाहीस?" मी एकदा विचारलंच.

"घेतल्या आणि सगळं शांत झालं तर?"

"मग बरंच की!"

"अगं, शांत झाल्यावर मला सुचणार कसं? हे आत सारखं खदखदतं ना, त्यावरच माझं काम चालतं. ते काढलं तर उरलो कोण मी? एक्सेल शीट भरणारा?"

(एक्सेल शीट भरणाऱ्या वाचकांनो, वाक्य त्याचं आहे, माझं नाही.)

हसण्यावारी नेण्यासारखं हे नव्हतं. त्याच्या बदलापूरच्या फ्लॅटचा हप्ता त्याच्या सुचण्यावर चालतो. नवीन टूल्स आल्यापासून 'आता डिझायनर कशाला लागतात' असं क्लायंट तोंडावर विचारतात. अशा वेळी स्वतःकडे जे काही खास आहे असं वाटतं, ते कुणी गोळी देऊन बंद करणार असेल, तर माणूस घाबरणारच. म्हणून मग मी शोधायला बसले. काळजी आणि कल्पकता यांचं खरंच लग्न लागलंय, की नुसतंच एकाच बिल्डिंगमध्ये राहतात?

सुरुवात अर्थातच मुंकपासून. व्हॉट्सअ‍ॅपवर तो गालांवर हात ठेवून किंचाळणारा इमोजी आहे ना, तो ज्या चित्रासारखा दिसतो ते 'द स्क्रीम'. नॉर्वेचा एडवर्ड मुंक, साल १८९३. भीतीचं एवढं प्रसिद्ध चित्र जगात दुसरं नसेल. आणि या माणसाकडे भीतीचा साठाही भरपूर. पाच वर्षांचा असताना आई क्षयानं गेली. १८७७ मध्ये मोठी बहीण सोफी, त्याच आजारानं. ओस्लोच्या नॅशनल म्युझियममधल्या त्या चित्राच्या डाव्या कोपऱ्यात वर पेन्सिलनं, अगदी बारीक अक्षरात, एक वाक्य लिहिलंय. असं चित्र फक्त वेडाच काढू शकतो, अशा अर्थाचं. कुणातरी प्रेक्षकाचा खोडसाळपणा असेल, असं पुष्कळ वर्षं मानलं जायचं. २०२१ मध्ये म्युझियमनं इन्फ्रारेड फोटो काढून हस्ताक्षर ताडून पाहिलं, तर ते निघालं खुद्द मुंकचं! १८९५ मध्ये त्याच्या चित्रांवरच्या एका चर्चेत एका मेडिकल स्टुडण्टनं त्याच्या डोक्याबद्दलच शंका काढली होती. ते जिव्हारी लागून त्यानं नंतर हे लिहिलं असावं, असा म्युझियमचा अंदाज आहे.

आमच्या आर्टवाल्यासारखंच मुंकचंही मत होतं. भीती आणि आजारपण नसतं तर आपण सुकाणू नसलेलं जहाज झालो असतो, अशा अर्थाचं त्यानं लिहून ठेवलंय. झालं! हे एक वाक्य गेली शंभर वर्षं प्रत्येक दुःखी चित्रकाराला कुणी ना कुणी ऐकवत आलंय. पण गोष्ट तिथे संपत नाही. १९०८ मध्ये दारू आणि भास यांनी मुंक पार कोलमडला आणि कोपनहेगनला डॉ. डॅनियल जेकबसन यांच्या क्लिनिकमध्ये दाखल झाला. तिथे आठेक महिने राहिला. आणि तिथे काय करत होता? चित्रंच काढत होता! डॉक्टरांचं पायापासून डोक्यापर्यंत मोठ्ठं पोर्ट्रेट रंगवलं, 'अल्फा आणि ओमेगा' नावाची एक चित्रकथा केली. बाहेर आल्यावर ओस्लोच्या युनिव्हर्सिटीच्या सभागृहासाठी चित्रमालिका हातात घेतली. त्यातलं मधलं चित्र आहे सूर्याचं. भिंतभर, समुद्रावर उगवणारा, डोळे दिपवणारा. १९१६ मध्ये ती चित्रं लोकांसमोर आली. मुंक गेला १९४४ मध्ये, ऐंशी वर्षांचा होऊन, आणि शेवटपर्यंत रंगवत होता.

आता समीक्षक म्हणतात की उपचारांनंतर त्याच्या चित्रांची धार गेली. खरं सांगू? 'सूर्य' बघून माझ्या अंगावर 'स्क्रीम'इतका काटा येत नाही. पण १९०८ मध्ये तो ज्या अवस्थेत होता, त्या अवस्थेत आणखी किती दिवस ब्रश हातात राहिला असता? धार गेली की हात वाचला, यातलं काय मोजायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. मी हाताच्या बाजूनं आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते, कारण तिच्यात बॅकग्राउण्ड म्युझिक आहे. 'ब्रिजेट जोन्स डायरी' आठवतोय? २००१ चा. सुरुवातीलाच पायजम्यात बसून, वाइनचा ग्लास घेऊन ब्रिजेट 'ऑल बाय मायसेल्फ'वर जीव तोडून ओठ हलवते. एकट्या राहणाऱ्या प्रत्येक मुलीनं घरी केलेला तो प्रकार आहे, नाकारू नका. ते गाणं एरिक कार्मेनचं, १९७५ चं. पण त्यातली मूळ सुरावट त्यानं उचलली ती रखमानिनॉव्ह या रशियन संगीतकाराच्या दुसऱ्या पियानो कॉन्चेर्टोमधून. आणि ती कॉन्चेर्टो जन्माला आली ती एका डॉक्टरच्या खुर्चीत.

झालं असं, की १८९७ मध्ये सेंट पीटर्सबर्गला रखमानिनॉव्हची पहिली सिंफनी वाजली. हा तेव्हा तेवीस वर्षांचा. सॉलिड आपटली! वाजवणाऱ्यांची तयारी कच्ची, आणि लोकांना ती कळेना. हा म्हणे बाहेर जिन्यात कानांवर हात ठेवून बसला होता. वर दुसऱ्या एका संगीतकारानं पेपरात लिहिलं, की नरकात संगीताचं कॉलेज असतं तर तिथल्या रहिवाशांना हे फार आवडलं असतं. आजच्या भाषेत, ट्रोलिंग. त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं या माणसाला काही धड सुचलं नाही. लक्षात घ्या, चिंता होती, भरपूर होती. आपल्या आर्टवाल्याच्या थिअरीप्रमाणे या तीन वर्षांत तर नुसता धो धो पाऊस पडायला हवा होता. पडला दुष्काळ.

शेवटी घरच्यांनी त्याला डॉ. निकोलाय दाल यांच्याकडे पाठवलं. जानेवारी ते एप्रिल १९००, जवळपास रोज. दाल संमोहनाचा उपयोग करायचे आणि स्वतः संगीतातले दर्दी, त्यामुळे गप्पाही पुष्कळ व्हायच्या. तू कॉन्चेर्टो लिहिणार आहेस, सहज लिहिणार आहेस, उत्तम लिहिणार आहेस, हे ते पुन्हा पुन्हा सांगायचे. त्या उन्हाळ्यात सूर परत यायला लागले. १९०१ मध्ये मॉस्कोत अख्खी कॉन्चेर्टो वाजली, पियानोवर स्वतः रखमानिनॉव्ह, आणि ती त्यानं अर्पण केली डॉ. दाल यांना. प्रेमिकेला नाही, आश्रयदात्याला नाही... आपल्या डॉक्टरला!

आणि हो, काळजी काही कायमची पळून गेली नव्हती. कार्यक्रमाला थोडेच दिवस उरले असताना एका मित्राचं टीका करणारं पत्र आलं आणि साहेब पुन्हा हादरले. फरक एवढाच, की या वेळी स्टेजवर जाऊन वाजवलं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळे महान लोक, आमचं काय? आम्हाला तर डेडलाइन आल्याशिवाय हात चालत नाही, हा रोजचा अनुभव आहे. मान्य. त्याचं उत्तर उंदरांकडे आहे.

मुंक क्लिनिकमध्ये गेला त्याच १९०८ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या दोघांनी एक प्रयोग छापला. उंदरांपुढे दोन बोगदे, एक उजळ, एक गडद. गडद बोगद्यात शिरलं की विजेचा झटका. सोप्या प्रकारात, म्हणजे दोन्हींतला फरक ढळढळीत असताना, झटका जितका जोरदार तितका उंदीर लवकर शिकला. मग त्यांनी उजेडातला फरक कमी केला, काम अवघड केलं. आता मात्र जोरदार झटका देऊन उपयोग होईना. मध्यम झटक्यातच उंदीर सगळ्यात लवकर शिकत होते. फार जोराचा बसला की गोंधळायचे. पुढे मॅनेजमेंटच्या पुस्तकांनी या प्रयोगाचा एक छान उलटा 'यू' काढला आणि 'थोडं प्रेशर चांगलं असतं' एवढंच पाठ केलं. मधली गंमत गळालीच: काम सोपं की अवघड, यावर सगळं अवलंबून आहे.

तुमच्या ऑफिसात बघा. ट्रॅव्हलची बिलं भरणं, जुनं प्रेझेंटेशन नव्या लोगोत बसवणं, तीस मेलना उत्तरं देणं... बॉस मागे उभा राहिला की फटाफट होतं. भीती इथे झकास काम करते, कारण रस्ता ठरलेला आहे, फक्त पळायचंय. पण ज्या कामात रस्ताच शोधायचा आहे तिथे? घाबरलेलं डोकं एकाच ठिकाणी बघतं, जिथून धोका येतोय तिथे. ते काही इकडेतिकडे डोकावत नाही, दोन न जुळणाऱ्या गोष्टी शेजारी ठेवून बघत नाही. आणि कल्पना म्हणजे दुसरं असतं काय?

यावर हार्वर्डच्या टेरेसा अमाबिले यांनी उंदरांऐवजी चक्क ऑफिसातली माणसं घेतली. सात कंपन्यांतल्या १७७ जणांनी रोज डायरी लिहून पाठवायची, आज काय केलं, कसं वाटलं. अशा नऊ हजारांवर नोंदी जमल्या. २००२ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला, की ज्या दिवशी वेळेचं दडपण सगळ्यात जास्त, त्या दिवशी नवं काही सुचण्याची शक्यता खूपच कमी, आणि हा हँगओव्हर पुढचे एक-दोन दिवस टिकतो. पण मला सगळ्यात भारी वाटली ती पुढची गोष्ट. त्याच दिवशी त्या लोकांना स्वतःबद्दल वाटत होतं की आज आपण फार क्रिएटिव्ह होतो! म्हणजे रात्री अडीचची ती थोर आयडिया... सकाळी अकराला क्लायंटसमोर तिचं तोंड का उतरतं, ते आत्ता कळलं.

अपवाद होते. अमाबिले स्वतः अपोलो १३ चं उदाहरण देतात. एप्रिल १९७०, चंद्राकडे निघालेल्या यानात स्फोट, तीन माणसं चांद्रयानाच्या छोट्या खोपटात, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढत चाललेला. तो शोषणारे डबे शिल्लक होते, पण ते चौकोनी आणि खाचा गोल! ह्यूस्टनमधल्या इंजिनीअरांनी प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, नळी आणि चिकटपट्टी यांचा जुगाड बसवला आणि तो रेडिओवरून शब्दाशब्दानं यानात सांगितला. माणसं जिवंत परत आली. भीतीपोटी सुचलं की नाही? सुचलं. पण त्या खोलीत त्या वेळी कुणी "अरे, तो दुसऱ्या क्लायंटचा बॅनर पण आजच दे" असं म्हणत नव्हतं. काम एकच होतं, का करायचं ते प्रत्येकाला ठाऊक होतं आणि मध्ये कुणी टोकत नव्हतं. आपल्या डेडलाइनमध्ये यातलं किती असतं? आपल्याकडे नुसताच कार्बन डायऑक्साइड.

तरीही मला आर्टवाल्याचं म्हणणं पूर्ण उडवून लावता येत नाही. काळजीला कल्पनाशक्ती लागते, यात काही वाद नाही. माझ्या आईचा फोन मी पंधरा मिनिटं उचलला नाही, तर तेवढ्यात तिनं अख्खी मालिका लिहिलेली असते. त्यात ट्रक असतो, पाऊस असतो, पोलीस स्टेशन असतं, माझा ओळखू न येणारा दुपट्टा असतो. काय डिटेलिंग! फक्त तिच्या प्रत्येक कथेचा शेवट एकच. काळजी ही अशीच लेखिका आहे. पात्रं नवी, लोकेशन नवं, शेवट ठरलेला. 'नाहीतर असं झालं तर?' हा प्रश्न तिचा आणि कथाकाराचा सारखाच. कथाकार त्याची दहा उत्तरं करून बघतो, काळजी एकाच उत्तरावर रात्रभर फिरत राहते. कच्चा माल एक असेल, पण कारखाना वेगळा आहे.

आणि आकडे? स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटनं चाळीस वर्षांच्या नोंदी, सुमारे बारा लाख रुग्ण, एवढा अवाढव्य पसारा तपासला आणि २०१३ मध्ये छापला. कलावंत आणि शास्त्रज्ञ असे सगळे क्रिएटिव्ह पेशे एकत्र धरले, तर त्यांच्यात मानसिक आजार इतरांपेक्षा जास्त आढळले नाहीत. अपवाद बायपोलर डिसऑर्डरचा. आणि एका जमातीचा... लेखक! त्यांच्यात डिप्रेशन, अँग्झायटी, व्यसनं, सगळंच जास्त. म्हणजे चित्रकार आर्टवाला निवांत, आणि मी लटकले. थँक यू, स्वीडन! आणखी एक गोष्ट त्यात सापडली. काही आजारांत रुग्णांपेक्षा त्यांच्या जवळच्या, धडधाकट नातेवाइकांमध्ये क्रिएटिव्ह पेशे जास्त दिसले. म्हणजे घराण्यात काहीतरी असेलही, पण कामाला येतं ते सौम्य प्रमाणात असताना. आजारानंच लिहिता येतं, असं त्या आकड्यांतून निघत नाही.

आपल्याकडे याची उदाहरणं शोधायला लांब जायला नको. दीपिका पदुकोणनं २०१५ मध्ये उघडपणे सांगितलं की आदल्या वर्षी तिला डिप्रेशन आणि अँग्झायटीनं गाठलं होतं, काउन्सेलिंग घेतलं, औषधंही घेतली. त्याच २०१५ मध्ये 'पिकू' आला आणि 'बाजीराव मस्तानी'सुद्धा. मस्तानीकडे बघून कुणाला वाटलं का, की हिची आग औषधानं विझली? किंवा डॉ. मोहन आगाशे घ्या. 'घाशीराम'मधले नाना फडणवीस आणि पेशानं सायकिअ‍ॅट्रिस्ट, एकाच अंगात. डिप्रेशनवरचा 'कासव' हा सिनेमा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी केला तो त्यांच्याच निर्मितीत, आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला सुवर्णकमळ मिळालं. तो ज्यांनी पाहिला नाही त्यांनी या वीकेण्डला शोधून पाहा. किती हळू चालतो आणि कसा धरून ठेवतो!

औषधांबद्दल मात्र गुळगुळीत बोलणार नाही. अँग्झायटीवर नेहमी दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय जातीच्या गोळ्यांनी काही जणांना भावना बोथट झाल्यासारखं वाटतं. रडूही येत नाही आणि हसूही अर्धवट. ही तक्रार खरी आहे आणि डॉक्टरांना ती माहीत आहे. त्यावर डोस बदलता येतो, गोळी बदलता येते, काही जणांना नुसत्या थेरपीनं भागतं. पण हे सगळं डॉक्टरशी बोलून. 'मला सुचेनासं झालंय' ही तक्रार 'मला मळमळतंय'इतकीच सरळ सांगण्याजोगी आहे. गुण यायला काही आठवडे जातात, आणि बरं वाटलं म्हणून मनानंच बंद करायची नसते.

वादकांच्या दुनियेत याबद्दल फार लाज नाही. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या ऑर्केस्ट्रांमधल्या दोन हजारांहून जास्त वादकांची पाहणी झाली होती. त्यातल्या २७ टक्के लोकांनी सांगितलं की स्टेजवर हात थरथरू नयेत म्हणून आपण बीटा ब्लॉकर घेतलेत. (मैत्रिणीच्या पर्समधून उसनी घ्यायची ही गोळी नव्हे हं! दमा असलेल्यांना ती धोक्याची ठरते.) आणि नुसती तिसऱ्या घंटेची धाकधूक असेल, म्हणजे आजार नाही, प्रेझेंटेशनच्या आधीची साधी धडधड, तर २०१४ मधला एक सोपा प्रयोग आहे. हार्वर्डच्याच अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी लोकांना कराओके गायला लावलं, भाषणं करायला लावली. जे आधी स्वतःशी 'मी एक्साइट झालेय' असं म्हणाले, त्यांची कामगिरी जास्त चांगली झाली. 'शांत हो, शांत हो' म्हणणाऱ्यांना तेवढा फायदा नाही. धडधड तीच, फक्त पाटी बदलली. मी मागच्या पिचला करून बघितलं. वॉशरूमच्या आरशासमोर पुटपुटताना क्लायंटच्या एचआरनं पाहिलं, ते सोडा.

हे सगळं मी आर्टवाल्याला एका शुक्रवारी वडापाव खाता खाता ऐकवलं. उंदरांचं त्याला पटलं नाही. ("मी उंदीर आहे का?") मुंकच्या सूर्याचा फोटो मात्र त्यानं बराच वेळ झूम करून पाहिला, आणि पिवळा कसा लावलाय त्यावर मला दहा मिनिटं लेक्चर दिलं. गोळ्यांबद्दल बोलला नाही. सोमवारी कळलं की गुरुवारची अपॉइंटमेंट घेतलीये आणि डॉक्टरना विचारायच्या प्रश्नांची यादी केलीये. यादी सुंदर टाइपसेट केलेली, दोन कॉलममध्ये. माझ्याकडे चेक करायला पाठवली. शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या, त्या काढून दिल्या.

तुमच्यापैकी कुणाच्या मोबाइलच्या कव्हरमागे अशी घडी असेल, तर सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन आहे, १४४१६. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं.

बाकी डॉ. दाल यांचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. क्रांतीनंतर ते रशिया सोडून बैरूतला गेले. ते स्वतः हौशी व्हायोला वाजवायचे. असं सांगतात, की १९२८ मध्ये तिथल्या एका ऑर्केस्ट्रानं रखमानिनॉव्हची तीच दुसरी कॉन्चेर्टो वाजवली, तेव्हा दाल वादकांमध्येच, व्हायोला घेऊन बसलेले होते. ज्यांना ही रचना अर्पण केलीये तो माणूस समोरच बसलाय हे प्रेक्षकांना कळलं, आणि म्हाताऱ्या डॉक्टरना उभं राहून वाकून दाद घेतल्याशिवाय कुणी सोडलं नाही.